‘काही बरं-वाईट झालं तर...’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अस्तित्ववाद (माणूस मरणार आहे आणि कसं जगायचं ते त्यानंच निवडायचंय, असं धरून चालणारं तत्त्वज्ञान) आणि मानसोपचार या विषयावरचा लेख दोनदा वाचला, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. मी मानसशास्त्रातला कुणी नव्हे. बी.कॉम. आहे, तेही सेकंड क्लास. १९८५ ते २०२१ अशी छत्तीस वर्षं सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यात आयुर्विम्याच्या पॉलिसी विकल्या. तरी लिहायला बसलो, कारण ज्या उपचाराबद्दल तुम्ही छापलंय तो मी स्वतः घेतलाय आणि लेखात तो मला कुठं सापडला नाही.

लेखाचा मथितार्थ असा: व्हिक्टर फ्रँकल हा व्हिएन्नाचा मनोविकारतज्ज्ञ तीन वर्षं नाझींच्या ऑश्विट्झ छळछावणीत होता, सकारात्मक विचारांच्या जोरावर तिथून वाचला, आणि बाहेर येऊन त्यानं सांगितलं की जगण्याचा अर्थ शोधा, म्हणजे दुःख हटतं, आयुष्यही वाढतं. शेवटी गुलाबी चौकटीत पाच सूत्रं. त्यातलं पाचवं, ‘मृत्यूचा विचार मनात आणू नका.’ म्हणजे आपलं शुभ बोल नाऱ्या! ज्या उपचाराची सुरुवातच मरणाचं नाव घेण्यापासून होते, त्याच्यावरच्या लेखात हे सूत्र.

आधी फ्रँकलबद्दल. तो १९४२ च्या सप्टेंबरात तेरेझिनच्या छावणीत गेला आणि दोन वर्षं तिथं होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्याला ऑश्विट्झला नेलं. तिथं तो काही दिवसच होता, मग डाखाऊच्या उपछावण्यांत. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली. वाचण्याचं श्रेय त्यानं विचारांना दिलेलं नाही. आमच्यातले सगळ्यात चांगले होते ते परत आलेच नाहीत, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. सकारात्मक विचारांनी माणूस वाचत असेल तर जे मेले त्यांचे विचार कमी पडले, असं म्हणावं लागेल. हे कुणाच्या तोंडी घालण्याआधी दहादा विचार करावा.

लेखात नसलेली एक गोष्ट सांगतो. छावणीत जाण्याआधी फ्रँकलच्या हाती अमेरिकेचा व्हिसा आला होता. म्हातारे आईवडील मागं राहणार होते. तेव्हा घरात त्याला संगमरवराचा एक तुकडा दिसला. जाळलेल्या ज्यू प्रार्थनामंदिराच्या ढिगाऱ्यातून तो वडिलांनी उचलून आणला होता. त्यावर एक अक्षर कोरलेलं होतं, आईवडिलांचा मान राख या आज्ञेतलं. फ्रँकलनं व्हिसा सोडून दिला. पुढं काय झालं? वडील तेरेझिनमध्ये वारले, आई ऑश्विट्झमध्ये मारली गेली, भाऊ गेला, बायको बर्गन-बेल्सनच्या छावणीत वारली. विम्याच्या भाषेत सांगायचं तर या निर्णयाची मॅच्युरिटी कधी आलीच नाही. तरी तो निर्णय त्याचा होता. ‘अर्थ शोधा म्हणजे फळ मिळेल’ असं ज्याला वाटतं त्यानं हा हिशेब एकदा मांडून बघावा.

आता माझं. माझी पत्नी फेब्रुवारी २०१८ मध्ये गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग, निदानापासून चार महिने. नंतर २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मी दोन महिन्यांत चौदा डेथ क्लेमची कागदपत्रं केली. त्यातले तिघे माझ्याबरोबर शाळेत होते. त्यानंतर नवा धंदा बंद केला. नोव्हेंबर २०२२ पासून पहाटे तीनच्या सुमाराला जाग यायला लागली. छाती धडधडायची, हाताला घाम, आणि आता आपण जाणार अशी खात्री. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, ट्रेडमिल झाली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, आता मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मनाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि शिवाय मिरजेत एका समुपदेशक मॅडमकडं पाठवलं.

एक गोष्ट इथंच नोंदवतो, नाहीतर कुणीतरी हे वाचून गोळ्या बंद करायचा. गोळीनं झोप आली. झोप नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. मी ती नऊ महिने घेतली आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच हळूहळू कमी केली. तत्त्वज्ञान हा गोळीचा पर्याय आहे असं मॅडम एकदाही म्हणाल्या नाहीत.

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला ‘काका’ म्हणायच्या. खोली ज्यूसच्या दुकानाच्या वर, दर दोन मिनिटांनी खालून मिक्सरचा आवाज. फी ८०० रुपये, वेळ पन्नास मिनिटं. घरी आणि शेजारी मी दातांच्या डॉक्टरकडं जातो असं सांगायचो. चार महिने एवढे कोणते दात काढतायत, असं शेजारच्यांनी विचारलं तेव्हा पंचाईत झाली.

आपल्याकडं बऱ्याच जणांना विवेकनिष्ठ पद्धत ऐकून तरी माहीत आहे. अविवेकी विचार पकडायचा, तपासायचा, बदलायचा. मॅडमही आधी तसंच करत होत्या आणि छातीत दुखलं की हृदयविकारच, या माझ्या विचाराचा त्यांनी असाच निकाल लावला. मग एकदा मी म्हणालो, ‘मॅडम, आज नाही तर नाही, पण मी मरणारच आहे की.’ त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, ‘काका, विचार चुकीचा असेल तर आपण तपासू. पण हा विचार चुकीचा कुठाय?’

माझ्या दृष्टीनं अस्तित्ववादी उपचार त्या वाक्यापासून सुरू झाला. ते नाव मला फार नंतर कळलं.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, ‘छत्तीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर तुम्ही मरण हा शब्द किती वेळा उच्चारलात?’ मी बराच वेळ आठवत बसलो. एकदाही नाही. आम्ही म्हणायचो, ‘काही बरं-वाईट झालं तर’, ‘उद्या काही कमी-जास्त झालं तर’, ‘आपल्या पश्चात’, ‘देव न करो, पण’. पगार मरणावर आणि तोंडात शब्द नाही. खेड्यात कारभारीण दारामागून ऐकत असायची. चुकून शब्द गेला असता तर हातातला चहा आत परत गेला असता. एकटा मीच तसा होतो असंही नाही. आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. निघालेला माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. माझा चुलता १९६०च्या दशकात दीड वर्ष वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियममध्ये होता. आमच्या विश्रामबागेपासून ते हाकेच्या अंतरावर. घरात क्षय हा शब्द कुणी काढायचं नाही, ‘अण्णांचं छातीचं आहे’ एवढंच.

अण्णांची आठवण निघायचं कारण असं की या उपचाराचं अमेरिकेतलं एक मूळही सॅनेटोरियमातच आहे. रोलो मे हा मानसशास्त्रज्ञ ऐन उमेदीत क्षयानं आजारी पडला आणि न्यूयॉर्क राज्यात सारानॅक लेकला खाटेवर पडून होता. तेव्हा क्षयावर आजच्यासारखी औषधं नव्हती. दर महिन्याला एक्स-रे निघायचा आणि छातीतलं भोक वाढलं की आटलं ते कळायचं. त्या खाटेवर त्यानं चिंतेविषयी फ्रॉइडही वाचला आणि शंभर वर्षांपूर्वीचा डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगॉरही. त्याच्या लक्षात आलं की फ्रॉइड चिंता कशी घडते ते सांगतो, पण एक्स-रेची वाट बघणाऱ्याला आतून जे होतं ते किर्केगॉरला माहीत आहे. किर्केगॉरनं १८४४ मध्ये लिहिलं होतं की चिंता म्हणजे स्वातंत्र्याची भोवळ. पुढं मेनं चिंतेवर पुस्तक लिहिलं आणि १९५८ मध्ये दोघा सहकाऱ्यांबरोबर युरोपातल्या या विचाराचं संकलन काढलं. अमेरिकेतल्या डॉक्टरांना त्यातूनच तो ठाऊक झाला. सगळी चिंता आजार नसते, काही चिंता जागं असण्याची खूण असते, हे मेचं म्हणणं. पहाटे तीनला जागा होणारा मी हे वाचून थोडा हसलो.

‘स्वातंत्र्याची भोवळ’ मात्र मला लगेच पटली नाही. सदुसष्टाव्या वर्षी कसलं आलंय स्वातंत्र्य! मग मॅडमनी संध्याकाळचं विचारलं. बायको असताना सात वाजता फोन यायचा, ‘किती वाजेपर्यंत?’ वर्षानुवर्षं मी त्या फोनला वैतागलो. आता सातला फोन वाजत नाही. नऊला यावं, अकराला यावं, जेवावं, न जेवावं, कुणी विचारत नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मला खरोखर गरगरायचं. बीपी नॉर्मल.

आयर्व्हिन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं १९८० मध्ये या सगळ्या पद्धतीची मांडणी केली. माणसाच्या चार मूळ काळज्या त्यानं सांगितल्या: मरण, स्वातंत्र्य, एकटेपण, निरर्थकता. तुमच्या लेखात चौथीच तेवढी घेतली आणि तिच्यावर ‘अर्थ शोधा’ हा उतारा दिला. एकटेपणाबद्दल फार लिहीत नाही. मुलगा पुण्याहून रोज व्हिडिओ कॉल करतो, नातवंडं दिसतात, आणि तरी काही उरतं. ते भेटींनी भरून येणारं नाही, एवढं कळलंय.

स्वातंत्र्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. एकदा मॅडम म्हणाल्या, ‘काका, तुमची स्वतःची पॉलिसी असेल ना? पुढच्या वेळी आणाल?’ माझ्या सहा आहेत. २००३ ची ‘जीवन आनंद’ घेऊन गेलो, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपलेली. त्यांनी बॉण्ड मोठ्यानं वाचायला सांगितला. असले बॉण्ड मी झोपेतही वाचून दाखवीन. नाव, जन्मतारीख, विमा रक्कम, हप्ता. मग नॉमिनी. तिथं माझ्या पत्नीचं नाव होतं. नातं: पत्नी. वय: बेचाळीस.

खाली मिक्सर सुरू झाला आणि बंद पडला.

गिऱ्हाइकाच्या घरी कुणी गेलं की दिवस झाल्यावर महिन्याभरात मी नॉमिनी बदलायचा फॉर्म घेऊन जायचो. एक पानाचा फॉर्म. असे शेकडो भरले असतील. नॉमिनी हयात नसला तर पैसे वारसांना मिळतात, पण त्यासाठी कागदपत्रांचे किती खेटे घालावे लागतात ते माझ्याइतकं कुणाला माहीत? आणि माझ्या सहाही पॉलिसींवर पाच वर्षं झाली तरी तिचंच नाव.

मी म्हणालो, ‘राहूनच गेलं.’
‘पाच वर्षं?’
‘वेळ नाही मिळाला. म्हणजे, जमलं नाही.’
‘जमलं नाही,’ त्या म्हणाल्या, ‘की...’

आणि थांबल्या. पुढचा शब्द त्यांनी दिला नाही. त्यांनी तो दिला असता तर मी चिडून उठलो असतो. बऱ्याच वेळानं मीच म्हणालो, ‘मी बदललं नाही.’ त्या दिवशी उरलेली पंधरा मिनिटं दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. फी पूर्ण दिली.

‘जमत नाही’च्या जागी ‘करत नाही’ म्हणून बघ, ही यालोमची जुनी रीत आहे हे पुढं वाचनात आलं. बदल किती छोटा, एका क्रियापदाचा! पण ‘जमलं नाही’ मध्ये मी बिचारा होतो आणि ‘बदललं नाही’ मध्ये नवरा होतो. फॉर्म भर असं मॅडम कधीच म्हणाल्या नाहीत. नाव तिथं मी ठेवलंय, विसरून राहिलेलं नाही, एवढं माझं मला कळलं.

याच कारणासाठी लेखातल्या म्हाताऱ्या डॉक्टरच्या गोष्टीबद्दल माझी तक्रार आहे. फ्रँकलकडं एक वृद्ध डॉक्टर आला, बायकोच्या मृत्यूचं दुःख दोन वर्षं हटत नव्हतं. फ्रँकलनं विचारलं, तुम्ही आधी गेला असता तर? डॉक्टर म्हणाला, तिला किती सोसावं लागलं असतं! मग हे सोसणं तुम्ही तिला वाचवलंत, असं फ्रँकलनं म्हटल्यावर तो माणूस हात मिळवून शांतपणे निघून गेला. गोष्ट खरी आहे, फ्रँकलनंच सांगितलेली. पण तुमच्या लेखात ती दुःखी माणसाला ऐकवायचं वाक्य म्हणून आली आहे. तेच वाक्य मला तेराव्याच्या पंगतीत एका नातेवाइकानं ऐकवलं होतं, हातात श्रीखंडाची वाटी घेऊन. ‘तुम्ही आधी गेला असता तर वहिनींचे किती हाल!’ ते मला इतकं लागलं की दोन वर्षं मी त्यांच्या दारात गेलो नाही. फ्रँकलनं प्रश्न विचारला होता, अर्थ ज्याचा त्याला सापडू दिला होता. माझ्या नातेवाइकानं वाढपी असल्यासारखा अर्थ पानात वाढला. खुद्द रोलो मेनंही फ्रँकलवर हाच आक्षेप घेतला होता की त्याची पद्धत हुकूमशाहीकडं झुकते, रुग्णाला अर्थ सापडेना तर डॉक्टरच तो देऊन टाकतो. या मंडळींत आपसांत असे वाद आहेत. लेखात सगळे एका माळेचे मणी झालेत.

त्या माळेत जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरही फ्रँकलच्या शेजारी बसवलाय. १९५९ पासून दहा वर्षं हायडेगर मेडार्ड बॉस या स्विस मनोविकारतज्ज्ञाच्या घरी, झुरिकजवळ त्सोलिकोनला, डॉक्टरांना शिकवायला जात असे. हा बॉस भारतातही येऊन गेला होता. हे सगळं खरं. पण हायडेगर १९३३ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला होता हेही खरं. त्याच पक्षाच्या राज्यानं फ्रँकलचं घर संपवलं. दोघांना एका ओळीत ‘थोर विचारवंत’ म्हणून बसवताना एक वाक्य तरी खर्ची घालायचं होतं.

‘आयुष्यही वाढतं’ या दाव्याकडं वळतो, कारण मृत्युदराची कोष्टकं हा आमचा प्रांत. १९७०च्या दशकात यालोम आणि डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या बायकांचा गट चालवला. दर आठवड्याला बसायचं आणि मरणाविषयी उघड बोलायचं. १९८९ मध्ये स्पीगेलनं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलं की ८६ जणींच्या अभ्यासात गटात येणाऱ्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि न येणाऱ्या १८.९. जगभर गाजावाजा झाला. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ जणींवर तसाच अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलं नाही. स्पीगेलनं स्वतः पुन्हा अभ्यास केला, २००७ मध्ये निकाल आला, त्यातही एकूणात वाढलं नाही. कॅनडातल्या बायकांना फायदा दिसला तो वेगळा: मन कमी खचलं, दुखणं कमी जाणवलं, विशेषतः ज्या आधी जास्त त्रासात होत्या त्यांना. मला विचाराल तर एवढं पुष्कळ आहे. माझ्या पत्नीच्या शेवटच्या चार महिन्यांत तिच्याशी मरणाबद्दल एक वाक्य बोलणारं कुणी नव्हतं. मीही नव्हतो. ती एकदा म्हणाली, ‘कपाटातल्या साड्या सुनेला...’ आणि मी म्हणालो, ‘असलं काही बोलायचं नाही.’ तुमचं पाचवं सूत्र. ते मी आधीच पाळून चुकलोय.

न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग रुग्णालयात विल्यम ब्रीटबार्ट या डॉक्टरनं फ्रँकलच्या विचारावर आधारलेला आठ बैठकांचा गट बेतला आहे, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांसाठी. त्याचे आईवडीलही नाझी संहारातून वाचलेले. असं काही मिरजेसारख्या ठिकाणी सुरू व्हावं. इथं कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, बाहेर डबे घेऊन नातेवाईक बसलेले असतात आणि सगळे एकमेकांना ‘होईल बरं’ म्हणत असतात. तुमच्या वार्ताहरानं तिथं दोन दिवस बसावं, लेख आपोआप होईल.

एक कबुली द्यायला हवी. या तत्त्वज्ञांचं सगळंच मला पचलेलं नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली. भाऊ युद्धात मेलेला, आईला हाच एक आधार. लढायला इंग्लंडला जाऊ की आईजवळ राहू, असं त्यानं विचारलं. सार्त्रचं उत्तर होतं, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड. असा सल्ला मी दिला असता तर गिऱ्हाईक चप्पल घालून चालू पडलं असतं. मॅडमनीही मला निवड मीच करायची असं सांगितलं, पण त्या समोर बसून राहिल्या, आणि पुढच्या मंगळवारीही बसल्या. तत्त्वज्ञ आणि उपचारक यांत मला दिसलेला फरक हा एवढाच आहे.

पहाटे अजूनही कधीमधी जाग येते. उठून पाणी पितो. पाच पॉलिसींवर आता मुलाचं नाव आहे. सहावी, ती २००३ ची, तशीच ठेवली आहे. मुलाला सांगून ठेवलंय की तुला खेटे घालावे लागतील. तो म्हणाला, ‘घालीन, बाबा.’

आपल्याला विनंती दोनच. ऑश्विट्झच्या तीन वर्षांची आणि आयुष्य वाढण्याची दुरुस्ती छापावी, मूळ लेखाइतक्या नाही तरी वाचता येईल अशा टायपात. आणि पुढच्या वेळी त्या गुलाबी चौकटीत पाच सूत्रांऐवजी १४४१६ हा आकडा टाकावा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, फोन फुकट आहे, मराठीतही बोलतात. पहाटे तीनलाही.

कळावे,
आपला वाचक,
एक निवृत्त विमा प्रतिनिधी, विश्रामबाग, सांगली

(नाव छापू नये. शेजारी अजून दातांचंच समजतात.)